झोपण्याच्या जागा मोजताना : मच्छरदाण्यांच्या वाटपाचे सहा महिने

मार्चच्या अखेरीस आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून सांगितले की मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यातील एका विकासखंडात (ब्लॉकमध्ये) हिवताप म्हणजे मलेरिया रोखण्यासाठी कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचे वाटप व्हायचे आहे. मच्छरदाण्या सरकारी कार्यक्रमातून येणार होत्या आणि घरोघरी वाटप आशा कार्यकर्त्या करणार होत्या. माल साठवणे, गावापर्यंत पोहोचवणे आणि नोंदणीच्या मोबाइल ॲपला तांत्रिक मदत देणे हे काम आमच्याकडे होते. मी इंदूरला औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे बारा वर्षे भांडार सांभाळले आहे, त्यामुळे आवक-जावक, बॅच क्रमांक, शिल्लक या गोष्टी माझ्या रोजच्या होत्या. तरीही पहिले काही दिवस मला भीतीने नीट झोप लागली नाही, कारण औषधाचे खोके दुकानात पोहोचले की माझे काम संपत असे आणि इथे मच्छरदाणी माणसाच्या अंथरुणावर टांगली जाईपर्यंत काम संपणार नव्हते. असे काम पुढे ज्यांच्याकडे येईल त्यांना थोडा आधार मिळावा म्हणून घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा भगोरियाचे हाट (होळीआधीचे आदिवासी बाजार-मेळे) आणि होळी होऊन गेली होती आणि सणासाठी आलेली माणसे पुन्हा गुजरातेत मजुरीला निघाली होती. त्या भागात गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. प्रत्येक टेकडीवर एखाददुसरे घर, अशा दहा-पंधरा घरांचा मिळून एक फलिया आणि पाच-सात फलियांचे मिळून एक गाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दीड तास लागतो. तिथल्या मलेरिया निरीक्षकांची नोकरीची सगळी वर्षे याच डोंगरांत गेली होती. त्यांनी मला कार्यालयात बसवून तक्ते दाखवले नाहीत. ते मला संध्याकाळी एका घरी घेऊन गेले आणि रात्री कोण कुठे झोपते ते त्या घरातल्या बाईंना विचारायला सांगितले. आजी ओसरीवर खाटेवर, नवरा-बायको आत, चार मुले जात्याजवळ एकाच गोधडीवर. माणसे सात आणि झोपण्याच्या जागा तीन. शेजारच्या घरात माणसे पाचच होती, पण जागा चार होत्या, कारण म्हातारे वडील एकीकडे, तरुण मुलगा अंगणात, सून लेकराला घेऊन आत आणि सासू चुलीपाशी अशी त्यांची व्यवस्था होती.

दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हा वाटपाचा सर्वसाधारण नियम आहे. मात्र तीन माणसांच्या घराला दीड मच्छरदाणी देता येत नाही, दोन द्याव्या लागतात. पाच माणसांना तीन लागतात. म्हणून मागणी काढताना लोकसंख्येला दोनने न भागता १.८ ने भागतात. हा आकडा मला कागदावर आधी माहीत होता. त्यामागे जात्याजवळची ती गोधडी आहे, हे त्या संध्याकाळी कळले.

त्याच रात्री निरीक्षकांनी डासाचीही गोष्ट सांगितली. आपल्या देशाच्या ग्रामीण भागात हिवतापाचा सर्वाधिक प्रसार ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा डास करतो. त्याच्या अळ्या संथ ओहोळात, नदीकाठच्या डबक्यांत, पाणी साचलेल्या खड्ड्यांत वाढतात. तो रात्री चावतो आणि घरातल्या भिंतींवर विसावतो. म्हणूनच झोपलेल्या माणसाभोवतीची जाळी उपयोगी पडते. या मच्छरदाण्यांच्या धाग्यात डेल्टामेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड वर्गातले कीटकनाशक बसवलेले असते. ते साधारण वीस धुण्यांपर्यंत टिकावे अशी अपेक्षा असते आणि मच्छरदाणीचे आयुष्य सुमारे तीन वर्षे धरतात. जाळीवर बसलेला डास त्या कीटकनाशकाने मरतो, त्यामुळे फलियातल्या बहुतेक घरांत ती वापरली गेली तर न वापरणाऱ्या शेजाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. एक हजार लोकसंख्येमागे वर्षभरात किती रुग्ण सापडले, यावरून म्हणजे एपीआय पाहून वाटपासाठी आरोग्य उपकेंद्रे निवडतात. आमच्या वाट्याला अशी ४१ गावे आली होती.

एप्रिलमध्ये घरयादी झाली आणि तिथेच पहिला अडसर उभा राहिला. आशा कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन मोजलेली माणसे २६,४८० भरली. त्याशिवाय १,१९० घरांना कुलूप होते. आढावा घेणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की जो माणूस दिसला नाही त्याच्यासाठी मागणी करता येणार नाही, कुलूपबंद घर म्हणजे शून्य. लेखापरीक्षणात हरकत निघेल ही त्यांची काळजी मला समजत होती, कारण मीही भांडारातलीच आहे आणि न मोजलेला नग वहीत चढवायला माझाही हात धजत नाही. पण ही माणसे नेमकी जूनमध्ये पेरणीला परत येणार होती, आणि पावसानंतर, जुलै ते ऑक्टोबर या काळात, हिवताप वाढतो तेव्हा ती घरीच असणार होती. शिवाय कामाच्या ठिकाणी उघड्यावर झोपून कोणी अंगात हिवतापाचे परजीवी घेऊन परतले, तर त्याच्याकडून पूर्ण फलियात लागण होऊ शकते. ज्यांना मच्छरदाणीची सर्वांत जास्त गरज होती तेच यादीतून गळत होते.

आम्ही तोंडी वाद घातला नाही. प्रत्येक कुलूपबंद घरासाठी शेजारची दोन घरे, गावचा कोतवार (कोतवाल) आणि अंगणवाडीचे रजिस्टर यांच्याकडून माणसांची संख्या काढली, ती वेगळ्या रकान्यात लिहिली आणि कोणाकडून कळले तेही नोंदवले. या कामात सोळा दिवस गेले. त्या घरांतली माणसे ६,६४० निघाली. एकूण लोकसंख्या ३३,१२० झाली आणि १.८ ने भागल्यावर मागणी १८,४०० मच्छरदाण्यांची ठरली. प्रस्ताव वर गेल्यानंतर मंजुरीचे पत्र यायला आणखी आठवडा लागला. त्या आठवड्यात मी रोज सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या घरून निघण्याआधी फोन लावत असे आणि रोज ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे’ एवढेच उत्तर मिळत असे. निरीक्षकांनी त्या प्रस्तावाला आपली एक पानाची टिपणी जोडली होती. मागच्या पावसाळ्यातले रुग्ण कोणकोणत्या फलियांतले होते आणि त्यातले किती नुकतेच मजुरीहून परतलेले होते, हे त्यांनी रुग्णपत्रिकांवरून मांडले होते. माझ्या मते मंजुरी त्या पानामुळेच मिळाली. ज्यांना असा प्रस्ताव पाठवायचा असेल त्यांनी स्थानिक मलेरिया कर्मचाऱ्याकडून अशी टिपणी अवश्य लिहून घ्यावी.

मंजुरी येईल या भरवशावर आम्ही इंदूरच्या देवास नाक्याजवळ एक गोदाम महिना १८,००० रुपये भाड्याने घेऊन ठेवले होते. ४ मे रोजी राज्याबाहेरून माल आला. एका गाठीत ५० मच्छरदाण्या, अशा ३६८ गाठी. एका गाठीचे वजन सत्तावीस किलोच्या आसपास, म्हणजे सगळा माल दहा टनांचा. वजनापेक्षा जागा जास्त अडते, हे ट्रक ठरवताना लक्षात ठेवावे. दहा टन माल असूनही आम्हाला पुढे दोन ट्रक करावे लागले. गाठी जमिनीवर ठेवायच्या नाहीत, खाली लाकडी फळ्या घालायच्या, भिंतीपासून फूटभर अंतर सोडायचे, खिडकीतून ऊन येत असेल तर ती झाकायची. गाठींना हुक लावायचा नाही, हे हमालांना पहिल्याच दिवशी सांगावे लागले. धान्याच्या पोत्याला लावतात तसा लोखंडी हुक गाठीला लावला की आतल्या तीन-चार जाळ्यांना एकदम भोक पडते. आमचे हमालांचे मुकादम मराठी होते. मी एक मच्छरदाणी उलगडून दाखवली आणि हुकाने पडलेल्या भोकातून डास कसा शिरेल ते सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना हुक बाहेर ठेवायला लावले आणि पुढे सगळ्या गाठी खांद्यावरूनच गेल्या. हमाली गाठीमागे एका उचलीला १२ रुपये ठरली होती. एक गाठ ट्रकातून उतरवणे, पुन्हा चढवणे, विकासखंडात उतरवणे आणि गावच्या गाडीत चढवणे अशी चार वेळा उचलली जाते, त्यामुळे एकूण हमाली १७,६६४ रुपये झाली. आम्ही अंदाजपत्रकात दोनच उचली धरल्या होत्या.

माल आला तरी लगेच हलवता आला नाही. त्यातले नमुने कीटकनाशकाच्या प्रमाणाच्या तपासणीसाठी गेले होते आणि अहवाल यायला अकरा दिवस लागले. हे दिवस वाया गेले नाहीत, कारण त्याच काळात आमच्या लक्षात आले की मच्छरदाणीच्या चार कोपऱ्यांना फक्त शिवलेले फासे आहेत, दोरी नाही. दोरीशिवाय मच्छरदाणी मिळाली तर ती पेटीत जाते. शहरात खिळा ठोकता येतो, तिथल्या कुडाच्या भिंतीत खिळा राहत नाही. मग एका कोपऱ्याला दीड मीटर, म्हणजे मच्छरदाणीमागे सहा मीटर सुतळी धरली. हिशेब केला तेव्हा सुतळीची लांबी ११० किलोमीटर भरली. इंदूरच्या सियागंज बाजारात तीन दुकानांत भाव केला आणि ३१५ किलो सुतळी ११० रुपये किलोने घेतली, ३४,६५० रुपये झाले. हा खर्च अंदाजपत्रकाच्या कुठल्याच शीर्षात बसत नव्हता, म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीने तो वर्गणीतून दिला. सुतळी कापायला रामबाग आणि सुदामानगरच्या महिला मंडळांच्या चाळीस जणी चार दुपारी बसल्या. दीड मीटरचे चार तुकडे, त्यांची एक जुडी, आणि पन्नास जुड्यांची एक पिशवी, म्हणजे एका गाठीला एक पिशवी. मोजणी चुकू नये म्हणून हे प्रमाण ठरवले होते आणि ते शेवटपर्यंत उपयोगी पडले.

१९ मे रोजी दोन ट्रक निघाले, प्रत्येकी १४,५०० रुपये भाड्याने. बिल्टी (वाहतुकीची पावती) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन बिल) यांवरचा गाठींचा आकडा गाडीत चढलेल्या गाठींशी जुळतो की नाही हे मी स्वतः उभी राहून पाहिले. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. आमचे अंतर दोनशेच्या थोडे पुढे जात होते, म्हणून दोन दिवसांची मुदत मिळाली. घाटात टायर फुटून एक ट्रक रात्रभर अडकला तेव्हा या दुसऱ्या दिवसाने मोठीच चिंता वाचवली.

विकासखंडाच्या गावी एका व्यापाऱ्याचे धान्याचे गोदाम मिळाले होते. पत्रे तपासून घेतले आहेत असे मला सांगण्यात आले आणि मी स्वतः वर चढून पाहिले नाही. २७ मेच्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि सकाळी पाच गाठींवर पाणी ठिबकलेले दिसले. गाठी फोडल्या, एकेक पाकीट हातात घेऊन पाहिले. बहुतेक पाकिटे शाबूत होती, पण १२७ पाकिटांत पाणी शिरले होते. त्या वेगळ्या काढून पंचनामा केला, छायाचित्रे घेतली आणि वाटपातून वजा केल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण १२७ मच्छरदाण्या म्हणजे साधारण चाळीस घरे. गोदाम भाड्याने घेताना छपरावर दोन बादल्या पाणी ओतून आत उभे राहून पाहावे. एवढ्याने हे नुकसान टळले असते.

आता ॲपविषयी. नोंदणीचे ॲप आमच्या संस्थेतला एक तरुण सांभाळत होता. तो सुदामानगरचा, मला काकू म्हणतो. ॲपमध्ये कुटुंबाचा आठ अंकी समग्र आयडी भरणे सक्तीचे होते, तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसे. मध्य प्रदेशात बहुतेक योजना याच आयडीवर चालतात, त्यामुळे कागदावर ही अट योग्यच वाटत होती. प्रशिक्षणाच्या दिवशी ५८ आशा कार्यकर्त्या आल्या आणि दहा मिनिटांत एकीने उभे राहून विचारले की ज्या मुलाचे लग्न होऊन चूल वेगळी झाली पण आयडी अजून बापाच्याच कुटुंबात आहे, त्याचे काय करायचे? दुसरीने सांगितले की तिच्या फलियात अशी चौदा घरे आहेत. त्या दोन घरांना एक धरले असते तर मच्छरदाण्या बापाच्या घरी गेल्या असत्या आणि मुलाचे घर कोरडे राहिले असते. त्या रात्री ॲप सांभाळणाऱ्या आमच्या तरुणाने तिथेच विश्रामगृहात बसून ॲपमध्ये बदल केला. घराच्या चौकटीवर गेरूने लिहिलेला क्रमांक हीच मुख्य ओळख ठरली आणि समग्र आयडी असल्यास भरावा असे झाले. मी त्याला म्हटले, “अरे, कागदाची वहीही ठेवू या.” तो म्हणाला, “काकू, वही आधी आणि ॲप नंतर, असंच ठेवू.” आम्ही तसेच केले. वाटपाच्या जागी कार्बन लावलेल्या वहीत नोंद आणि अंगठा, आणि संध्याकाळी निवांतपणे ॲपमध्ये भरणे.

या निर्णयाने आम्हाला दोनदा तारले. बऱ्याच फलियांत मोबाइलची रेंज नाही. माहिती फोनमध्ये साठते आणि टेकडीवर रेंज मिळाल्यावर सर्व्हरवर चढते. एका आशा दीदींचा फोन बंद पडून सुरू झाला तेव्हा त्यातली तारीख मागे गेली होती आणि त्यांच्या दिवसभराच्या ६३ नोंदी जुन्या समजून ॲपने नाकारल्या. त्यांना वाटले आपली चूक झाली आणि त्या रडवेल्या झाल्या. वही समोर होती म्हणून सगळे अर्ध्या तासात पुन्हा भरता आले. त्यानंतर रोज सकाळी फोनची तारीख पाहणे हे आम्ही पहिले काम ठरवले. आणखी काही साध्या वस्तू जवळ असाव्यात: चार्ज केलेली पॉवर बँक, शाईची वेगळी बाटली, कारण उन्हात स्टँप पॅड तासाभरात वाळते, आणि गेरू.

वाटप ३ जूनला सुरू झाले. नर्मदेच्या बुडीत क्षेत्राकाठची चार गावे आम्ही सर्वांत आधी घेतली, कारण पाऊस लागल्यावर तिथला रस्ता बंद होतो. सरदार सरोवराचे पाणी त्या दिवसांत खाली उतरलेले असते, त्यामुळे नाव काठाला लागत नाही, मध्ये गाळाचा मोठा पट्टा राहतो. एका नावेत बारा गाठी नेल्या. काठापासून घोटाभर गाळातून गावातल्या बायकांनी आणि मुलांनी त्या डोक्यावरून वर नेल्या. सत्तावीस किलोची गाठ उचलवेना म्हणून आम्ही काठावरच गाठी उघडून दहा-दहा पाकिटांचे गठ्ठे केले. नावेचे भाडे फेरीला ९०० रुपये होते. बाकीच्या गावांसाठी दोन पिकअप होत्या, दिवसाला प्रत्येकी ३,२०० रुपये डिझेलसह, एकूण चौदा दिवस. वाटपाच्या तारखा ठरवताना हाटाचा (आठवडी बाजाराचा) वार टाळावा, त्या दिवशी गावात कोणी नसते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्यामुळे शाळेत वाटप करायचे असेल तर ती गावे आधी उरकावीत.

पहिल्या दिवशी नवी अडचण आली. दोन घरांतून मच्छरदाण्या परत आल्या. चेहऱ्याची आग होते, अंगाला चुणचुण होते, लेकरू शिंकते असे त्यांचे म्हणणे होते. पाकिटातून नवी काढलेली मच्छरदाणी वापरण्याआधी चोवीस तास सावलीत उघडी टांगून ठेवायची असते, नाहीतर कीटकनाशकाने त्वचा थोडी चुणचुणते. हे आम्ही प्रशिक्षणात सांगितले होते, पण पत्रकातल्या सातव्या ओळीत. अफवा फलियातून फलियात जायच्या आत काहीतरी करायला हवे होते. त्या रात्री मी विश्रामगृहात नवे पाकीट फोडून, मच्छरदाणी आधी दिवसभर टांगून न ठेवता, तिच्यातच झोपले आणि सकाळी माझ्याही गालांना चुणचुण जाणवत होती. दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्यांना सांगितले. विषाचा त्रास नव्हे, एक दिवस सावलीत टांगली की जातो, हे एका आशा दीदींनी भिलीत बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करून दिले आणि पुढे प्रत्येक वाटपाच्या ठिकाणी आधी तेच वाजवले. पत्रकापेक्षा त्या मिनिटभराच्या आवाजाचा उपयोग जास्त झाला. त्यातच पुढची दोन वाक्ये होती: धुताना साधा साबण वापरा, सावलीत वाळवा; आणि ओढ्यात धुऊ नका, मासे आणि खेकडे मरतात. खेकड्यांचे नाव काढल्यावर माणसे कान देऊन ऐकत, कारण पावसाळ्यात ते त्यांच्या ताटात असतात.

पाकिटांवरूनही थोडी ओढाताण झाली. मच्छरदाणी देताना पाकीट तिथेच कापून प्लॅस्टिक आपल्याकडे ठेवायचे असे ठरले होते. त्यामुळे मच्छरदाणी बाजारात विकली जात नाही आणि प्लॅस्टिक गावात पडत नाही. पण जाड, स्वच्छ पिशवी घरात हवीशी वाटते. एका वृद्ध बाईंनी मक्याचे बियाणे ठेवायला एक पिशवी मागितली. पिशवीला आतून कीटकनाशक लागलेले असते, म्हणून ती देता आली नाही. त्या काही न बोलता निघून गेल्या आणि मला दिवसभर चैन पडली नाही. पुढच्या फेरीत मी घरातले बियाण्याचे दोन डबे नेले आणि त्यातला एक त्यांना दिला. सगळी पाकिटे, साधारण १८० किलो, पोत्यांत भरून परत आणली आणि घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्या प्रकल्पाकडे पाठवली. ती गावात जाळू नयेत.

१७ जूनला पाऊस लागला तेव्हा तीन गावे राहिली होती. पिकअप चढेना म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली केली, दिवसाला १,८०० रुपये, गाठींवर ताडपत्री. २० जूनला शेवटचे गाव झाले. तोवर १,१९० कुलूपबंद घरांपैकी १,०५२ घरे उघडली होती. एका फलियात मी वहीतला क्रमांक वाचत होते आणि समोरून डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेऊन एक कुटुंब बसथांब्याकडून येताना दिसले. त्यांच्या दाराचे कुलूप अजून निघायचे होते. कोतवाराने तिथूनच हाक मारून त्यांना बोलावले आणि त्यांनी बोचके खाली ठेवून अंगठा लावला. त्यांच्या नावापुढे तीन मच्छरदाण्या आधीच लिहिलेल्या होत्या.

जुलैत आम्ही प्रत्येक गावात दहा घरे अशी ४१० घरे पाहिली. ही फेरी अंदाजपत्रकात नसते, ती आग्रहाने घालून घ्यावी. ४०२ घरांत मच्छरदाण्या पोहोचल्या होत्या, पण टांगलेल्या २९१ घरांतच आढळल्या. ८६ घरांत त्या घडी करून पेटीत होत्या, काही पाहुण्यांसाठी, काही मुलीच्या लग्नासाठी. उरलेल्यांत मुख्य कारण आमचेच होते. दीड मीटर सुतळी आढ्यापर्यंत पुरत नव्हती. आम्ही इंदूरच्या खोल्यांच्या मापाने विचार केला होता, तिथली आढी उंच असतात. एका घरात आजींनी दोन तुकडे गाठून वर वासा बांधला होता आणि दिवसा मच्छरदाणी गुंडाळून त्याच वाशावर ठेवत होत्या, म्हणजे चुलीची ठिणगी लागत नाही आणि शेळी ओढत नाही. आशा दीदींनी ती पद्धत इतर घरांत दाखवली. आम्ही आणखी सुतळी पाठवली. पुढच्या वेळी कोपऱ्याला अडीच मीटर धरावी.

३१ ऑगस्टला हिशेब बंद केला. आलेल्या १८,४००, वाटलेल्या १७,९६२, पावसात भिजलेल्या १२७, आणि उशिरा परतणाऱ्यांसाठी उपकेंद्रांवर शिल्लक ३११. तीनही आकडे वहीत आणि ॲपमध्ये जुळायला पाच दिवस लागले.

६ सप्टेंबरला वही सोपवायला गेले तेव्हा उपकेंद्राच्या पायरीवर एक तरुण बसलेला होता. त्याच्या घरी मच्छरदाण्या मिळाल्या होत्या, पण मका पिकायला आल्यामुळे तो रानडुकरे हाकायला रोज रात्री शेतातल्या माळ्यावर झोपत होता आणि तिथे टांगायला काही नव्हते. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. मी त्याला एक मच्छरदाणी आणि सुतळीची लांब जुडी दिली, त्याचा अंगठा घेतला, शिल्लक ३११ खोडून ३१० लिहिले आणि शेजारी सही केली.